हवा आली कुठून?

ब्रेकचं पेडल तीन तऱ्हांनी बिघडतं आणि बहुतेक गॅरेजांत तिन्हींवर एकच उपाय सांगतात: "ब्लीडिंग करून देतो," म्हणजे ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढून देतो. पहिल्या तऱ्हेत पेडल लिबलिबीत लागतं. पाय दाबत जातो, पण नेमका जोर कुठे लागला ते कळत नाही. दुसऱ्या तऱ्हेत पेडल अर्ध्याच्या खाली जातं, मात्र तिथे पोचलं की टणक असतं. तिसऱ्या तऱ्हेत पाय नुसता ठेवून धरला तरी पेडल हळूहळू पायाखालच्या फळीकडे सरकत राहतं. पहिलीत ऑइलमध्ये हवा असते. दुसरीत हवेचा काही संबंध नसतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला, म्हणजे ड्रमला, आतून दाबणारे शू असतात; त्यांच्यावरचा घासणारा थर, लायनर, झिजून शू ड्रमपासून लांब गेलेले असतात. तिसरीत ऑइल निसटत असतं, एक तर बाहेर, नाही तर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल ज्यातून ऑइल ढकलतं त्याच्या, आतल्या आत. ब्लीडिंगचा उपयोग फक्त पहिलीला, आणि तिथेही तो अर्धाच. कारण हवा ऑइलमध्ये आपली आपण तयार होत नाही, ती कुठून तरी आत शिरते. ती वाट सापडल्याशिवाय केलेलं ब्लीडिंग आठ-पंधरा दिवस टिकतं.

हे एवढं ठासून लिहायचं कारण आमची गाडी. १९५१ सालची एमजी टीडी. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, ती सत्तरच्या दशकात कॅम्पातल्या एका कुटुंबाकडून घेतली आणि तेव्हापासून ती एरंडवण्यात आमच्या पोर्चमध्ये आहे. टीडी १९५० ते १९५३ या काळात इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली, सुमारे तीस हजार. इंजिन १२५० सीसीचं, गाडी टनाहून हलकी, आणि ब्रेक चारही चाकांना नऊ इंची ड्रमचे, लॉकहीड कंपनीचे, हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे. सर्व्हो नाही, बूस्टर नाही. तुमच्या पायात जेवढा जोर तेवढाच ब्रेक. आणि सर्किट एकच. आजच्या गाड्यांत दोन असतात, एक फुटलं तरी दुसरं निम्मी गाडी थांबवतं. इथे एक पाइप, एक होज, एक रबर गेलं की चारही चाकांचे ब्रेक गेले. उरतो हँडब्रेक, आणि तो फक्त मागच्या दोन चाकांवर.

त्यामुळे या गाडीच्या पेडलबद्दल "चालतंय की" असं मी म्हणू शकत नाही. माझी सगळी नोकरी भोसरीत हायड्रॉलिक सिलिंडरच्या टेस्ट बेंचवर झाली. दाब धरत नाही म्हटलं की तो कुठे जातोय हे शोधायचं, एवढंच काम मी वर्षानुवर्षं केलं.

गेल्या दिवाळीनंतर पेडल लिबलिबीत झालं. मी तेव्हा गुडघ्याच्या दुखण्याने खाली बसू शकत नव्हते, म्हणून गाडी एका गॅरेजला दिली. ब्लीडिंग करून आली, पेडल छान टणक. काही दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा दिली, पुन्हा तेच. रिझर्व्हॉयरमधली, म्हणजे ऑइलच्या टाकीतली, पातळी मात्र जवळजवळ जागच्या जागी. तिथल्या मिस्त्रींचं म्हणणं, "ताई, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." हे मला अजिबात मान्य नाही. ही गाडी नवी होती तेव्हा हेच मास्टर सिलिंडर, हेच ड्रम होते आणि पेडल टणकच होतं. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो हा पास्कलचा नियम गाडी जुनी झाली म्हणून बदलत नाही.

थोडी हवा किती त्रास देते याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. आमच्या मास्टर सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ७/८ इंचाचा, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ चार चौरस सेंटिमीटरला जरा कमी. समजा पाइपात चार मिलिलिटर हवा अडकली आहे, चहाच्या चमच्याहूनही कमी. दाब वाढला की ती जवळजवळ शून्यावर येते, ऑइल मात्र दबत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे ती हवा दाबण्यातच पिस्टनचा एक सेंटिमीटर गेला. पेडल हा तरफेचा दांडा, पिस्टनच्या एका सेंटिमीटरला पायाला चार-पाच सेंटिमीटर खाली जावं लागतं. शू अजून ड्रमला टेकलेलेसुद्धा नाहीत आणि निम्मं पेडल संपलं.

गुडघा बरा झाल्यावर गाडी स्टँडवर घेतली. आधी मागची चाकं, मग पुढची, आणि प्रत्येक वेळी टेकूच्या चाकांना लाकडी गुटके. जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, हे मी घरात कुणालाच पुन्हा सांगायची गरज नाही. टीडीला रबरी होज तीन. पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या अ‍ॅक्सलला मिळून एक. तिन्ही जुने होते, बदलणारच होते, म्हणून मऊ जबड्यांच्या क्लॅम्पने तिन्ही चिमटले आणि पेडल दाबलं. टणक, आणि धरून ठेवलं तरी जागचं हललं नाही. म्हणजे मास्टर सिलिंडरचा मुख्य कप, पिस्टनपुढचं दाब अडवणारं रबर, दाब धरत होता. पुढचा डावा सोडला, फरक नाही. पुढचा उजवा सोडला, किंचित. मागचा सोडला आणि पेडल एकदम लिबलिबीत. शोध एका अ‍ॅक्सलवर आला. याला पाच मिनिटं लागतात. गॅरेजमध्ये दोनदा सगळी गाडी ब्लीड झाली, पण ही पाच मिनिटं कुणी दिली नाहीत. (चांगल्या नव्या होजवर हा प्रयोग करू नका, चिमटलेल्या जागी आतला थर दुखावतो.)

ड्रम काढताना एक गोष्ट हात जोडून सांगते. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. आतली काळी धूळ फुंकरीने किंवा कंप्रेसरच्या हवेने उडवू नका. नाना पेठेच्या आसपासच्या गल्ल्यांत मी लहान पोरांना ती धूळ उडवताना बघितलंय, तोंडावर साधा रुमालही नसतो. ओल्या फडक्याने पुसून घ्या, फडकं पिशवीत बांधून टाका, मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर वरून कोरडा दिसत होता. रबरी टोपी बाजूला केली तर आत नुसता ओलसरपणा, थेंबसुद्धा नाही. पिस्टन बाहेर काढला, बोअरमध्ये टॉर्च मारला, आणि खालच्या अंगाला गंजाचे खड्डे दिसले, टाचणीच्या डोक्याएवढे, एकापुढे एक. ऑइलमध्ये शिरलेलं पाणी बिडाचं लोखंड खातं. नख फिरवलं तर अडकत होतं. कपाची कड तिथून सरकताना प्रत्येक वेळी जरा उचलली जाणार.

पण एवढ्याने उत्तर पुरं होत नव्हतं. खड्ड्यांतून ऑइल बाहेर येईल हे ठीक, हवा आत कशी जाईल? आत तर दाब असतो. हा प्रश्न मला रात्रभर सोडेना, आणि उत्तर दुसऱ्या टोकाला, मास्टर सिलिंडरमध्ये मिळालं.

टीडीचा मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळीखाली चॅसिसला लावलेला असतो. फळी उचलायची, बोल्ट काढायचे, आणि ते अशा जागी की पाना एका वेळी जेमतेम कणभर फिरतो. पाने सगळे व्हिटवर्थ. अण्णांनी ते बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून एकेक करत जमवलेत. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेलं माप बोल्टच्या डोक्याचं नसतं, आट्याच्या व्यासाचं असतं, त्यामुळे मेट्रिक पान्यांची सवय झालेला माणूस पहिल्या दिवशी गोंधळतोच. त्यात या गाडीच्या इंजिनाला आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ. इंजिनाचं मूळ घराणं फ्रेंच यंत्रांवर सुरू झालं त्याचा हा वारसा.

सिलिंडर टेबलावर उघडला. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये शेवटी एक छोटा चेक व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडलं की ऑइल परत येतं, पण हा व्हॉल्व्ह सगळा दाब जाऊ देत नाही, पाइपांत थोडासा शिल्लक ठेवतो, आठ-दहा पीएसआय. तेवढ्या दाबाने चाकाच्या सिलिंडरमधले कप आपल्या कडा भिंतीला चिकटवून बसतात. आमच्या व्हॉल्व्हचं रबर कडक झालेलं, आणि कडेचा एक टवका उडालेला. शिल्लक दाब शून्य. आता पेडल झटकन सोडलं की मास्टरचा पिस्टन मागे येतो, ऑइल त्याच्या वेगाने परत येऊ शकत नाही, क्षणभर पाइपात ओढ तयार होते. कपाची रचना आतला दाब बाहेर जाऊ न देण्यासाठी असते. बाहेरून आत येणाऱ्याला ती अडवत नाही. मागच्या डाव्या चाकात कपाची कड खड्ड्यांवर आधीच सैल, तिथून हवा आत. ऑइल बाहेर जात नव्हतं, म्हणून पातळी हलत नव्हती. प्रत्येक ब्रेकला कणभर हवा आत शिरत होती. हीच ती वाट.

अजून एक गोष्ट तिथे दिसली. पेडलचा दांडा आणि पिस्टन यांच्यात जरा मोकळीक असावी लागते, फ्री प्ले. ती पूर्ण काढून टाकलेली होती. पेडल वर दिसावं म्हणून कुणी तरी दांडा लांब केला होता. हे फार वाईट काम आहे. पिस्टन पूर्ण मागे आला तरच त्याच्यापुढचं बारीक भोक उघडं पडतं आणि गरम होऊन फुगलेलं ऑइल रिझर्व्हॉयरमध्ये परत जातं. भोक झाकलेलं राहिलं तर ऑइल फुगून शू ड्रमवर दाबतं, त्याने ड्रम आणखी तापतो, ऑइल आणखी फुगतं, आणि ट्रॅफिकमध्ये गाडी आपोआप ब्रेक लावून उभी राहते. पौड रोडच्या सिग्नलला गाडी जड ओढतेय असं मला वाटलं होतं ते उगीच नव्हतं.

मास्टर आणि मागचे दोन्ही सिलिंडर पर्वती इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका लेथवाल्यांकडे नेले. बोअर मोठं करून आत स्टेनलेसची नळी, स्लीव्ह, ठोकायची आणि मूळ मापाला होन करायची, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करायची. ही स्लीव्ह पुन्हा गंजत नाही. पण मास्टरच्या स्लीव्हला ते बारीक भोक नव्याने पाडावं लागतं, आणि सगळी दुरुस्ती त्या भोकाच्या आतल्या कडेवर अवलंबून असते. ड्रिल आत निघालं की कडेला बर, म्हणजे धातूची धारदार कोर, येते, डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही एवढी. नवा कप तिच्यावरून दर ब्रेकला जाणार आणि तिथेच कापला जाणार. मी कापसाचा बोळा काडीला गुंडाळून आत फिरवला. पहिल्या वेळी दोन तंतू भोकापाशी अडकून राहिले. लेथवाले काका म्हणाले, "ताई, एवढं कुणी बघत नाही." पण त्यांनी होन पुन्हा हातात घेतला, आणि नंतर बोळा स्वतःच फिरवून दाखवला. तंतू एकही नाही. असा माणूस भेटला की मी त्याला सोडत नाही.

रबराची किट नाना पेठेत मिळाली. तिथले जुने दुकानदार गाडीचं नाव विचारतच नाहीत. "नाव राहू द्या, माप सांगा," म्हणाले आणि व्हर्नियर पुढे केलं. माप इंचात, कपाची उंची आणि कडेची जाडी बघून. रबर कुठल्याही परिस्थितीत पेट्रोलने, डिझेलने किंवा रॉकेलने धुऊ नका. खनिज तेल या रबराला फुगवतं. ओळखीच्या एका अ‍ॅम्बॅसेडरच्या रिझर्व्हॉयरमध्ये कुणी इंजिन ऑइल घातलं होतं, त्यातले कप काढले तेव्हा ते मूळ मापापेक्षा उघड दिसण्याइतके मोठे झाले होते. धुवायचं तर स्पिरिटने, बसवायचं तर नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून, बोटांनी. स्क्रूड्रायव्हरने ढकललेला कप मी बसलेला धरत नाही.

स्टीलचे पाइप आतून-बाहेरून गंजलेले होते, म्हणून सगळे नवे केले, तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे. साधं तांबं वाकवायला सोपं म्हणून लोक तेच वापरतात, पण ते सतत थरथरलं की कडक होतं आणि फ्लेअरच्या, म्हणजे जोडासाठी फुलवलेल्या टोकाच्या, गळ्याशी तडकतं. एकाच सर्किटच्या गाडीत तो धोका कशाला घ्यायचा? जोडांचे तांब्याचे वॉशर गॅसवर लाल करून पाण्यात टाकले, मऊ झाले, मग लावले. होज तिन्ही नवे. जुना होज बाहेरून धड दिसत असला तरी आतून सुजलेला असू शकतो. मग ऑइल जोराने जातं पण परत येत नाही आणि ते एक चाक तापत राहतं. शूंवर नवे लायनर, अ‍ॅस्बेस्टॉसविरहित, तांब्याच्या रिव्हेटने बसवलेले. ड्रम लेथवर अगदी हलके फिरवून घेतले.

आता ऑइल. आमच्या गाडीत डॉट ४ प्रकारचं, ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल आहे आणि तेच राहणार. नवं असताना ते किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. हवेतली ओल शोषून त्यात पावणेचार टक्के पाणी झालं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. घाटाच्या उतारावर सिलिंडरजवळचं ऑइल उकळलं तर वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. म्हणून पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे चार महिने पावसाचे, दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, गाडी चालो न चालो. जुन्या गाड्यांचे बरेच मालक सिलिकॉनचं डॉट ५ वापरतात, कारण ते रंग खात नाही आणि पाणी शोषत नाही. पण शिरलेलं पाणी त्यात मिसळतही नाही, खाली थेंब होऊन साठतं आणि नेमकं तिथेच गंज धरतो. शिवाय त्यात हवा बारीक बुडबुड्यांनी राहते, पेडल किंचित मऊच लागतं. टणक पेडलसाठी एवढं केल्यावर मला ते नको. आणि डॉट ५ आणि डॉट ५.१ या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, ५.१ हे डॉट ४ च्या जातीचं ग्लायकॉल आहे. दुकानात डबा उलटून वाचून घ्या. सिलिकॉन आणि ग्लायकॉल एकत्र करू नका.

डॉट ४ रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. ते पाण्यात विरघळतं. आम्ही मडगार्डवर ओला टॉवेल घालूनच डबा उघडतो.

ब्लीडिंगला दोन माणसं लागतात. एका माणसाची किट मिळतात, व्हॅक्यूम पंपाची, पण त्यात निपलच्या, म्हणजे चाकाच्या सिलिंडरवरच्या हवा सोडायच्या पोकळ स्क्रूच्या, आट्यांमधून हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे येतच राहतात, मग खरी हवा कुठली ते कळत नाही. आमच्याकडे पेडलवर अण्णा असतात. ते आता चौऱ्याऐंशीचे आहेत, खाली वाकणं बंद झालंय, पण पाय अजून जाणता आहे. हे काम जोराचं नाही, सावकाशीचं आहे. पेडल भराभर मारलं की हवेचा फेस होतो आणि फेस निघता निघत नाही.

सुरुवातीला चारही चाकांचे शू अ‍ॅडजस्टर आवळून ड्रमला टेकवून ठेवले, म्हणजे सिलिंडरचे पिस्टन आतच राहतात आणि आत ऑइल कमी लागतं. रिझर्व्हॉयरचं झाकण फळीतल्या भोकातून उघडावं लागतं, आणि आजूबाजूची माती थेट आत पडते. म्हणून आधी ब्रश, मग फडकं, मगच पाना. झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं, तेही तारेने मोकळं केलं. रिझर्व्हॉयर लहान आहे, पाच-सहा दाबांनंतर भरलं नाही तर मास्टरच हवा ओढतो आणि सगळं पहिल्यापासून.

क्रम लांबून जवळ. ड्रायव्हर उजवीकडे, मास्टर त्याच्या पायाखाली, म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निपलला रिंग पाना आणि वर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक काचेच्या बरणीत, ऑइलमध्ये बुडालेलं. मी खाली चटईवर, अण्णा वर.

"दाबा."

"दाबलं."

निपल पाव फेरा उघडायचा. नळीतून ऑइल येतं, पेडल खाली जातं.

"धरा, सोडू नका."

"धरलंय गं."

निपल बंद. "आता सोडा. सावकाश." मग तीन सेकंद थांबायचं, मास्टर भरू द्यायचा. पाय खाली असतानाच निपल बंद झाला पाहिजे, नाही तर नळीतलं सगळं उलट आत जातं. हे तीन शब्द आणि मधली शांतता, बाकी काही बोलायचं नाही. शेजारच्यांनी गेटातून "काय चाललंय?" विचारलं तर अण्णा उत्तर देत नाहीत.

मागच्या डाव्या चाकातून आधी कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल आलं. पाइप नवे होते तरी उजव्या बाजूच्या जोडात जुनं थोडं उरलं होतं. मग मोठे बुडबुडे, मग बारीक, साखळीसारखे एकामागे एक नव्हे तर घोळक्याने. अ‍ॅक्सलवरचा पाइप मध्ये जरा उंच जातो, तिथे हवा बसून राहते. मी हातोडीच्या लाकडी दांड्याने पाइपावर हलके टकटक केलं आणि पुढच्याच दाबाला एक लांबच लांब बुडबुडा नळीभर सरकत गेला. अण्णा वरून म्हणाले, "मेधा, आत्ता काही तरी गेलं. पायाला लागलं." त्यांना बरणी दिसत नव्हती. मला दिसायच्या आधी त्यांना पायात कळलं होतं.

मागचं उजवं सोपं गेलं. पुढच्या प्रत्येक चाकात दोन सिलिंडर असतात आणि त्यांना जोडणारा छोटा पाइप, त्यामुळे तिथे दाब जास्त द्यावे लागले. गाडीचं सगळं झाल्यावर पहिल्या चाकावर परत गेलो आणि नळीत स्वच्छ, फिकट सोनेरी ऑइल दिसेपर्यंत थांबलो नाही. बाहेर पडलेलं ऑइल पुन्हा वापरायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी. ते गटारातही ओतायचं नाही, आपली गटारं मुठेत जातात. आम्ही कॅनमध्ये साठवून जुनं इंजिन ऑइल नेणाऱ्या माणसाला वेगळं म्हणून देतो.

शेवटी अ‍ॅडजस्टर. व्हीलकॅप काढून चाक फिरवायचं, भोकातून अ‍ॅडजस्टरची खाच समोर येते. पुढे प्रत्येक चाकाला दोन, मागे एक. चाक अडकेपर्यंत आवळायचं, मग एक खटका मागे. चाक हाताने फिरवलं की लायनर कुठेतरी किंचित घासल्याचा आवाज आला तर हरकत नाही. पेडलच्या दांड्याला मोकळीक परत दिली. मग इंजिन बंद ठेवून अण्णांनी पूर्ण जोराने पेडल धरलं आणि मी टॉर्च घेऊन प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू फिरवला. पेडल जागचं हललं नाही, टिश्यू कोरडे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच केलं. पेडल रात्रभरात मऊ झालं असतं तर गाडी गेटाबाहेर गेली नसती.

पहिली चाचणी आमच्याच गल्लीत, चालण्याच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून. मग रविवारी पहाटे बोपदेव घाट. नवे लायनर ड्रमला पूर्ण बसायला काही अंतर जावं लागतं, म्हणून जाताना हलके, लांब ब्रेक. टीडीच्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू लीडिंग असतात, म्हणजे चाक पुढे फिरताना ते स्वतःच ड्रममध्ये ओढले जातात आणि ब्रेक पायाच्या जोरापेक्षा जास्त लागतो. उलट दिशेला मात्र हा फायदा जातो. म्हणून चढावर गाडी मागे घसरायला लागली तर या गाडीत फक्त पेडलवर विसंबू नका, हँडब्रेकही ओढा. सासवडच्या बाजूने परत येताना उतारावर दुसऱ्या गिअरला घेतलं आणि ब्रेक लागेल तेवढाच, सतत पाय ठेवून नाही. ड्रम तापला की तो व्यासाने फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली जातं. तो हवेचा दोष नसतो, चालवणाऱ्याच्या पायाचा असतो.

खाली उतरल्यावर थांबून चारही ड्रमजवळ हात धरला. डावं-उजवं सारखं गरम, मागचे पुढच्यांपेक्षा कमी, जसं असायला हवं तसं. पेडल घाटाच्या वर जिथे होतं तिथेच. त्यानंतर पावसाळा येऊन गेला आणि पेडल आजही तिथेच आहे.

एक काम मात्र राहिलं आहे. पुढचा उजवा ड्रम आतापर्यंतच्या वेळी-अवेळीच्या लेथकामांनी इतका मोठा झालाय की आता त्याला पुन्हा टर्निंग झेपणार नाही. व्यासात दीड मिलिमीटरच्या वर जायचं नाही असा आमचा नियम आहे आणि तो काठावर आला आहे. टीडीचा नऊ इंची पुढचा ड्रम, तडा नसलेला, कुणाकडे पडून असेल तर मला नक्की कळवा. गंजलेला असला तरी चालेल, आतलं माप मात्र मी स्वतः येऊन घेईन.